सोनार असूनही युद्धनौकेला पाणबुडी का सापडत नाही?

तुमचा प्रश्न असा की सोनार (ध्वनीच्या साहाय्याने पाण्याखालचं शोधणारी यंत्रणा), हेलिकॉप्टर सगळं दिमतीला असताना पाणबुडी युद्धनौकेच्या एवढ्या जवळ पोचतेच कशी. खरं सांगायचं तर पुष्कळदा पाणबुडी दबा धरून बसलेली असते आणि नौकाच तिच्या टप्प्यात येते.

आपलंच उदाहरण घ्या. ९ डिसेंबर १९७१ची रात्र, दीवजवळचा समुद्र. 'खुकरी' आणि 'किरपान' या आपल्या फ्रिगेट, म्हणजे मध्यम आकाराच्या युद्धनौका, पाकिस्तानच्या 'हंगोर' पाणबुडीला शोधायलाच निघाल्या होत्या. हंगोर डिझेल-इलेक्ट्रिक, फ्रेंच बनावटीची. अशी पाणबुडी बॅटरीवर हळू सरकत असली की आवाज जवळजवळ नाहीच. पाण्याखाली पाठलाग करण्याइतका वेग तिच्याकडे नव्हता, म्हणून तिचे कमांडर तस्नीम यांनी नौकांच्या फेऱ्यांचा अंदाज बांधला आणि वाटेत जाऊन थांबले. पहिला टॉर्पेडो (पाण्याखालून जाणारं स्फोटक अस्त्र) किरपानवर सोडला, तो फुटलाच नाही. दुसऱ्याने खुकरी काही मिनिटांत बुडाली. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. खुकरीचे कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांनी नौका सोडली नाही.

त्या वेळी खुकरीवर सोनारच्या एका सुधारणेची चाचणी चालू होती आणि त्यासाठी वेग कमी ठेवला होता. यावरून आजही वाद होतात. माझ्या मते वेग वाढवला असता तरी पारडं हंगोरकडेच झुकलेलं होतं, कारण तिचं सोनार लांबचं ऐकत होतं.

बाकी दोष पाण्याचा. आपल्याकडे समुद्राचा वरचा थर उबदार, खाली एकदम गार. या सीमेवर ध्वनिलहरी वाकतात, त्यामुळे नौकेच्या तळाला बसवलेल्या सोनारला थराखालची पाणबुडी दिसत नाही. त्यात नौकेच्या सोनारने 'पिंग', म्हणजे आवाजाचा ठोका, सोडला की तो पाणबुडीपर्यंत एकदाच जायचा असतो, नौकेकडे मात्र प्रतिध्वनी होऊन परत यावा लागतो. म्हणजे पाणबुडीला आधी कळतं, आणि बऱ्याच आधी!

आणि घाव कसा बसतो, तर आधुनिक जड टॉर्पेडो सहसा नौकेला भोक पाडायला जातच नाही. तो तळाखाली काही मीटरवर फुटतो. वायूचा प्रचंड बुडबुडा नौका मधोमध उचलतो, मग खालचा आधार जातो आणि कणाच मोडतो. ऑस्ट्रेलियाने १९९९ साली 'टॉरेन्स' ही जुनी नौका अशीच चाचणीत बुडवली, तिचा व्हिडिओ जरूर पाहा.

उपाय आहेतच. हेलिकॉप्टरमधून दोरीने सोनार थेट थराखाली सोडतात, नौकेमागे लांब केबलवर सोनार ओढतात, गोव्याच्या 'हंसा' तळावरून पाणबुड्या शोधणारी पी-८आय विमानं गस्त घालतात. टॉर्पेडोला हुलकावणी द्यायला आपल्या नौकांवर 'मारीच' यंत्रणा आहे (बारसं करणाऱ्याला मानलं!). डिझेल पाणबुडीला बॅटरी भरायला अधूनमधून हवेसाठी नळी वर काढावीच लागते, विमानं तेवढ्याच संधीची वाट बघतात.

तरी ब्रिटन आणि अर्जेंटिनाचं फॉकलंड युद्ध विसरू नका. १९८२ मध्ये ब्रिटनच्या 'काँकरर' पाणबुडीने अर्जेंटिनाची 'जनरल बेलग्रानो' ही क्रूझर (मोठी युद्धनौका) बुडवली, ३२३ माणसं गेली, हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण अर्जेंटिनाची 'सान लुईस' ही एकटी छोटी पाणबुडी त्याच पाण्यात फिरत होती. तिचे टॉर्पेडो एकदाही नीट लागले नाहीत. तरीही ब्रिटिश नौदलाने संशयास्पद प्रतिध्वनींवर ढीगभर दारूगोळा ओतला, आणि ती मात्र सुखरूप घरी पोचली.