रिपोर्ट नॉर्मल, तरी पाय जळतात. मग हे मनाचे खेळ आहेत का?

लातूर, औसा, उदगीर, अहमदपूर, माझ्याकडे समुपदेशनाला कुठूनही आलेलं माणूस असो, प्रश्न हाच असतो: "रिपोर्टमध्ये काहीच निघालं नाही, तरी तळपायाची आग होते. माझं डोकं फिरलंय का?" बहुतेकांना बरीच वर्षं मधुमेह असतो, झोप उडालेली असते, आणि घरच्यांनी "टेन्शन घेऊ नको" म्हणून विषय संपवलेला असतो.

उत्तर आधीच सांगून टाकते. डोकं फिरलेलं नाही. आग खरी आहे आणि रिपोर्टही खरा आहे.

दोन्ही एकदम खरं कसं, ते समजून घ्या. पायाच्या नसांत जाड तंतू असतात आणि बारीकही. स्पर्श, कंप, पाय नेमका कुठे पडलाय याची जाणीव ही कामं जाड तंतूंची. टोचणं, गरम-गार आणि दुखणं ही बारीक तंतूंची. विजेचे हलके झटके देऊन जी एनसीव्ही तपासणी होते, ती फक्त जाड तंतूंची चाल मोजते. मधुमेहात अनेकदा बारीक तंतू आधी बिघडतात. तेव्हा एनसीव्ही नॉर्मल येते आणि पाय मात्र पेटलेले असतात. बारीक तंतू मोजायचे तर घोट्याच्या वरची कातडी ३ मिलिमीटर काढून सूक्ष्मदर्शकाखाली बघावी लागते आणि ती सोय सगळीकडे नाही. म्हणून जाणते डॉक्टर तुमची हकिकत ऐकतात, टाचणीने आणि गरम-गार लावून पाय तपासतात आणि त्यावरून निदान करतात.

सुमनताईंचं (नाव बदललेलं आहे) नेमकं हेच झालं होतं. वय ४९, मधुमेह ११ वर्षांचा, लातूरच्या गंजगोलाई बाजाराच्या मागच्या गल्लीत ब्लाऊज शिवण्याचं काम. डॉक्टरांनी माझ्यासाठी दिलेल्या चिठ्ठीत स्पष्ट लिहिलं होतं: त्रास नसांचा आहे, झोप आणि उमेद गेली आहे, त्याकडे बघा. पण घरात ती चिठ्ठी कुणी वाचली नव्हती. वाचला गेला तो एनसीव्हीवरचा 'नॉर्मल' हा एकच शब्द.

"रात्री दहा वाजले की तळपाय पेटायलेत बगा. चादर लागली तरी सहन होईना. फरशीला पाय टेकवून पडते. मालक म्हणतात, दिवसभर मशीन चालवतीस तवा बरं दुखत नाही."

मालकांची शंका चुकीची असली तरी बिनबुडाची नव्हती. मशीनचं पायडल चालतं ते जाड तंतूंच्या भरवशावर, आणि ताईंचे ते शाबूत होते. शिवाय दिवसा लक्ष कापडात असतं. रात्री लक्ष जायला पायांशिवाय दुसरं काही नसतं.

पण खरी गोष्ट दुसरीच होती. रिपोर्टची फाईल ताईंच्या पिशवीत सदैव असायची. नणंद आली की पाय पुढे करायच्या, "हात लावून बघा, किती गरम." तिला पाय गारच लागायचे. रात्री कण्हायच्या, तेही जरा मोठ्याने, कुणीतरी उठावं म्हणून. हे सगळं त्यांनीच सांगितलं, आणि सांगताना लाजल्या.

एका बैठकीत मी विचारलं, "समजा, उद्या मालक, सासूबाई, नणंद, सगळी गल्ली म्हणाली, सुमनचे पाय खरंच जळतात. रात्रीची आग किती कमी होईल?"

पदराचं टोक बोटाला गुंडाळत त्या बराच वेळ गप्प राहिल्या. मग एकदम हसल्या. "आग तेवढीच राहील की."

"मग पटवण्यात एवढी ताकद का घालताय?"

"घरच्यांनी तरी पटवून घ्यायलाच पाहिजे ना?"

"घ्यायलाच पाहिजे, की घेतलं तर बरं वाटेल?"

पुन्हा शांतता. "बरं वाटेल. नाही घेतलं तरी पाय माझेच हायत. बघायचं मलाच."

माझ्या कामात यासारखं समाधान कशातच नाही. न दिसणारं दुखणं असलेला माणूस दुखण्यासोबत एक खटलाही चालवत असतो. फिर्यादी तोच, साक्षीदार तोच, आणि न्यायाधीश मात्र घोरत पडलेले. आग विझवणं आपल्या हातात पूर्ण नाही, खटला मागे घेणं आहे. मी विवेकनिष्ठ विचारसरणीची, म्हणजे मनातला हट्ट तपासून बघायला शिकवणाऱ्या समुपदेशन पद्धतीची, त्यामुळे 'पाहिजेच' हा शब्द ऐकला की कान टवकारतात. ही पद्धत मांडणारे अल्बर्ट एलिस स्वतः मधुमेही होते, शरीर आपलं ऐकत नाही हे त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती.

वाचलेली ताकद कुठे लावायची, ते महत्त्वाचं. आधी गोळ्या. ताईंनी नसांची गोळी गरगरतं म्हणून चार दिवसांत बंद केली होती आणि मेडिकलमधून साधी दुखण्याची गोळी आणून खात होत्या. ती नसांच्या आगीवर फारशी चालत नाही आणि मधुमेहात मूत्रपिंडाला जड जाऊ शकते. नसांच्या गोळ्या कमी डोसने सुरू करून हळूहळू वाढवतात, गुण यायला २ ते ४ आठवडे लागतात. गरगरलं तर डॉक्टरांना सांगा, ते वेळ किंवा डोस बदलतील. मनाने एकदम बंद करू नका. आणि अपेक्षा नीट ठेवा: आग १० पैकी ८ वरून ५ वर आली तरी औषध लागू पडलं असंच समजतात. मधुमेहाची मेटफॉर्मिन ही गोळी बरीच वर्षं चालू असेल, त्यात आहार शाकाहारी असेल, तर बी-१२ जीवनसत्त्व तपासून घ्या. ते कमी असलं तरी नसा बिघडतात.

रात्रीसाठी आम्ही साध्या गोष्टी केल्या. पायाशी पुठ्ठ्याचं रिकामं खोकं आडवं ठेवून त्यावरून चादर, म्हणजे ती पायाला लागत नाही. बर्फ बंद, बधिर कातडीला बर्फाने इजा होते आणि कळतही नाही. फार झालं तर साध्या पाण्यात दहा मिनिटं पाय, मग बोटांच्या बेचक्या कोरड्या. चारनंतर चहा नाही. वीस मिनिटांत झोप आली नाही तर उठून हूक-बटणं लावत बसायचं, अंथरुणात तळमळत पडायचं नाही.

कामातही एक खोड होती, जी बहुतेकांना असते. बरं वाटलं त्या दिवशी सहा ब्लाऊज उरकायचे आणि पुढचे दोन दिवस आडवं. त्याऐवजी बरं असो वा नसो, चाळीस मिनिटं काम आणि दहा मिनिटं पाय वर. वहीत रोज तीन आकडे: किती तास झोप, किती ब्लाऊज, आग दहापैकी किती. महिनाभराने ताईंनीच दाखवलं, आगीचा आकडा थोडाच उतरला होता, ब्लाऊजचा मात्र चांगलाच चढला होता.

मालकांना बोलावलं ते साक्ष द्यायला नाही, काम द्यायला. रोज संध्याकाळी उजेडात ताईंचे तळवे, टाचा, बेचक्या बघायच्या, बस्स. पहिल्याच आठवड्यात त्यांना टाचेत शिवणकामाची टाचणी रुतलेली सापडली. ताईंना पत्ताच नव्हता. "जळतंय म्हणती आन् टाचणी कळंना," मालक हादरून सांगत होते. जळणं आणि बधिरपणा एकाच पायात नांदतात. तेच बारीक तंतू बिघडले की ते खोट्या आगीच्या बातम्या पाठवतात आणि खरी टोचणी गिळून टाकतात. त्या दिवसापासून शिवणाच्या खोलीतही चप्पल आली.

इतरांनीही एवढं पाळा: चप्पल-बूट घालण्याआधी आत हात फिरवून खडा बघा. अंघोळीचं पाणी पायाने नाही, कोपराने बघा. भेगांना खोबरेल लावा, बेचकीत नको. कुरूप ब्लेडने कापू नका, कुरूपाची पट्टीही नको. बूट संध्याकाळी घ्या, तेव्हा पाय थोडे सुजलेले असतात. तोंड धुताना डोळे मिटले की तोल जात असेल किंवा चप्पल पायातून निसटलेली कळत नसेल, तर जाड तंतूही गेलेत; रात्री संडासच्या वाटेवर दिवा ठेवा.

आपल्याकडे अवघड जातं ते नवरात्रातलं अनवाणी चालणं आणि तुळजापूरची पायी वारी. ताईंचाही नेम होता. मी "जाऊ नका" म्हटलं नाही; "गेलंच पाहिजे" आणि "जावंसं वाटतं" यातला फरक तेवढा विचारला. त्यांनी ठरवलं, एसटीने जायचं, देवळात सुती मोजे घालायचे. उन्हाळ्यात तापलेल्या फरशीवर बधिर तळव्याला फोड येतात आणि घरी आल्यावर कळतात. त्या मानाने मोजे स्वस्त.

मधुमेह नसेल तरी कारण शोधा: दारू, टीबीच्या काही गोळ्या, कॅन्सरची काही औषधं. कातडीवर फिकट किंवा लालसर बधिर चट्टा असेल तर कुष्ठरोगाची तपासणी करा. सरकारी दवाखान्यात उपचार मोफत आहे आणि लवकर सुरू केला तर अपंगत्व टळतं. पाय लाल, गरम, सुजलेला, पण दुखत नाही, जखम भरत नाही, बोट काळं पडतंय, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. काही दिवसांतच पायातली ताकद जाऊन अशक्तपणा वर चढत असेल, तर एक रात्रही थांबू नका. आणि न झोपलेल्या रात्री जगणं नकोसं वाटू लागलं, तर टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या मदतसेवेचा १४४१६ हा सरकारी क्रमांक रात्रीही चालू असतो. मराठीत बोलता येतं.