स्टेपनी बदलता यायलाच हवी का?

वाचकांचे प्रश्न

प्रश्न : माझ्या मुलीला गेल्या महिन्यात चारचाकीचा पक्का परवाना मिळाला. ती इंदिरानगरहून सिन्नरजवळच्या मुसळगाव औद्योगिक वसाहतीत रोज गाडीने जाते-येते आणि परतायला रात्रीचे साडेनऊ होतात. तिला चाक बदलायला शिकवा, असे मी यजमानांना सुचवले. त्यांचे म्हणणे असे, की हल्ली टायर ट्यूबलेस असतात, फोन केला की पंक्चरवाला जागेवर येतो आणि रात्रीच्या वेळी तिने रस्त्यावर नट खोलत बसण्यापेक्षा काचा लावून गाडीत बसून राहिलेले बरे. मुलीचेही तेच मत आहे. मीच जुन्या वळणाची आहे का?
— एक वाचक, इंदिरानगर, नाशिक

उत्तर : नाही. गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाला चाक बदलता आले पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे. मात्र यजमानांच्या म्हणण्यात तथ्य नाही असेही नाही, म्हणून आधी त्यांचा मुद्दा पाहू.

द्वारका, मुंबई नाका, पाथर्डी फाटा किंवा सातपूर-अंबडच्या परिसरात पंक्चर झाले, तर फोनवर माणूस येतो हे खरे आहे, आणि विमा कंपन्या किंवा गाडी बनवणाऱ्या कंपन्याही रस्त्यावरच्या मदतीची सोय देतात. ट्यूबलेस टायरात खिळा घुसला तर तो खिळाच भोक बऱ्याच अंशी बुजवून धरतो, हवा हळूहळू उतरते आणि जवळच्या दुकानापर्यंत गाडी नेता येते. अशा वेळी खिळा उपटून काढू नये, हवा भरून घ्यावी आणि सावकाश निघावे. पण टायरची बाजूची भिंत खड्ड्याच्या कडेने किंवा दगडाने फाटली, तर ट्यूबलेस असूनही तो जागच्या जागी बसतो आणि त्याला पंक्चरवालाही काही करू शकत नाही. तोही शेवटी तुमच्याच डिकीतली स्टेपनी काढून लावतो. म्हणजे स्टेपनीत हवा आहे का, जॅक कुठे ठेवला आहे, अलॉय चाकांना कुलूपनट (चाक चोरीला जाऊ नये म्हणून बसवलेला, खास किल्लीनेच सुटणारा नट) असेल तर त्याची किल्ली कुठे आहे, हे प्रश्न फोन करूनही सुटत नाहीत.

हे मी अनुभवाने शिकले. काही वर्षांपूर्वी ऐन द्राक्षांच्या हंगामात सासूबाईंना घेऊन वणीहून परतताना दिंडोरीच्या अलीकडे आमच्या गाडीचे क्लीनर साइडचे मागचे चाक बसले. चाक बदलण्याची कृती मला माहीत होती, म्हणून मी निर्धास्त होते. पण नट जागचे हलेनात, कारण दोन-तीन महिन्यांपूर्वी टायर बदलून घेतले, त्या दुकानातल्या मुलाने हवेच्या बंदुकीने ते प्रमाणाबाहेर आवळले होते आणि मी ते हाताने एकदाही तपासून पाहिले नव्हते. द्राक्षांचे क्रेट घेऊन चाललेल्या एका पिकअपच्या चालकाने गाडी थांबवली, पान्याच्या दांड्यावर लोखंडी नळीचा हातभर तुकडा चढवला आणि पाचही नट एकेका हिसक्यात सोडवले. नंतर स्टेपनी खाली काढली, तर तिच्यात हवाच नव्हती. अंगठ्याने दाबली तर भिंत आत जात होती. तीन वर्षांत कोणी तिच्याकडे पाहिले नव्हते. त्या भल्या माणसाने ती पिकअपमध्ये टाकून दिंडोरीला नेली, हवा भरून आणली आणि अंधार पडता पडता आम्ही निघालो. त्या दिवसापासून चारही चाकांत हवा भरताना मी पाचव्यातही भरून घेते.

स्टेपनी हा आपल्या रोजच्या बोलण्यातला शब्द वेल्समधल्या लानेली गावच्या स्टेपनी स्ट्रीटवरून आला आहे. तिथल्या डेव्हीस बंधूंनी १९०४ च्या सुमारास पंक्चर झालेल्या चाकावर बाहेरून पकडीने बसवायचे जादा चाक विकायला काढले. गाड्यांना जादा चाक मिळत नसे तेव्हा ही फार मोठी सोय होती. त्या काळी गाडी चालवणाऱ्याने ते स्वतः बसवायचे, हे गृहीतच होते.

आपल्या नियमांतही त्याची खूण आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील चोविसाव्या नियमानुसार ड्रायव्हिंग स्कूलकडे जी साधने असावी लागतात, त्यांत पंक्चरचे साहित्य, चाकाचा पाना, जॅक आणि हवेचा दाब मोजायचे मापक यांचा उल्लेख आहे. तरीही क्लच सोडणे, चढावर गाडी उचलणे आणि रिव्हर्स घेणे एवढे जमले की शिकवणी संपते, आणि परवान्याच्या चाचणीत चाक बदलून दाखवायला कोणी सांगत नाही. तुमच्या मुलीने आपल्या ड्रायव्हिंग स्कूलला जाऊन हे शिकवण्याची मागणी जरूर करावी. तिने फी भरली आहे.

आता रात्रीचा प्रश्न, जो मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. महामार्गाच्या कडेला बंद पडलेल्या गाडीत काचा लावून बसणे सुरक्षित असते, हा समज घातक आहे. उभ्या गाडीला मागून येणाऱ्या ट्रकची धडक बसते, तेव्हा आत बसलेल्यांना वाचायला जागा उरत नाही. तेव्हा चाक बदलायचे ठरो वा न ठरो, गाडी कुठे थांबवायची हे आधी ठरले पाहिजे. टायर बसल्याचे कळले की जोराने ब्रेक न दाबता स्टिअरिंग घट्ट धरावे, वेग आपसूक उतरू द्यावा, धोक्याचे दोन्ही बाजूंचे इंडिकेटर लावावेत आणि सपाट, उजेडाची जागा मिळेपर्यंत गाडी अगदी सावकाश पुढे न्यावी. बसलेल्या टायरवर दोनशे-तीनशे मीटर गेले तर रिम आणि रस्ता यांच्या मध्ये रबर चेंगरून टायर बहुधा कायमचा जातो, पण तो जाऊ द्यावा. तिच्या वाटेवर मोहदरी घाट आहे. तिथल्या उतारावर जॅक लावायचा विचारही करू नये, घाट ओलांडून पेट्रोल पंप किंवा हॉटेलच्या आवारात शिरावे. तेवढेही जाता आले नाही, तर गाडीतून रहदारीच्या बाजूने न उतरता कडेच्या बाजूने उतरावे, लाल त्रिकोण मागे किमान पन्नास मीटरवर ठेवावा, आपण कठड्यापलीकडे उभे राहावे आणि राष्ट्रीय महामार्गाच्या १०३३ या क्रमांकावर मदत मागावी. असुरक्षित वाटले तर ११२ आहेच. समृद्धी महामार्गावर, जिथे मोटारींना ताशी १२० किलोमीटरची मुभा आहे, तिथे रस्त्याच्या बाजूचे चाक मुळीच बदलायला बसू नये. ज्याला चाक बदलण्याची कृती आणि तिला लागणारा वेळ ठाऊक आहे, त्यालाच या जागी ते करू नये हे नेमके ठरवता येते. म्हणूनही मी शिकण्याचा आग्रह धरते.

प्रत्यक्ष कृती एखाद्या रविवारी सकाळी सोसायटीच्या आवारात, यजमानांनी हात न लावता नुसते शेजारी उभे राहून, मुलीकडून करून घ्यावी. हँडब्रेक ओढायचा आणि गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवायची. ही दोन्ही बंधने हवीत, कारण बहुतेक लहान गाड्यांत हँडब्रेक मागची चाके धरतो आणि गिअर पुढची, आणि जॅकवर एक चाक उचलले की त्यांपैकी एकाची पकड कमी होते. उचलायच्या चाकाच्या तिरप्या कोपऱ्यातल्या चाकाला दगड लावायचा. नट गाडी जमिनीवर असतानाच अर्धा फेरा ढिले करायचे. बायकांच्या हाताला नट सुटत नाहीत असे म्हणतात, त्याचे उत्तर इथेच आहे. पाना नटावर असा बसवावा की दांडा आपल्या डावीकडे आडवा राहील, दुसरा हात गाडीला टेकवावा आणि दांड्याच्या टोकावर पायाने अंगाचे वजन हळूहळू टाकावे. पन्नास किलोचे वजन फूटभर लांबीच्या दांड्याच्या टोकावर पडले की नीट आवळलेला नट सुटतोच. त्यासाठी मनगटात ताकद असावी लागत नाही. गाडी जॅकवर असताना मात्र पान्यावर असा पाय कधीही देऊ नये.

जॅक गाडीच्या खाली कुठेही लावून चालत नाही. दाराखालच्या पट्टीवर दोन खाचा किंवा खुणा असतात, त्यांच्याच मध्ये तो बसला पाहिजे, नाहीतर पत्रा वाकतो आणि गाडी घसरते. निफाड-दिंडोरीकडची काळी माती पावसाळ्यात जॅक गिळते, म्हणून डिकीत फूटभर लांब-रुंद जाड फळी ठेवावी. फार उपयोगी पडते. काढलेली स्टेपनी चाक बदलेपर्यंत गाडीखाली आडवी सरकवून ठेवावी, म्हणजे जॅक निसटला तरी गाडी तिच्यावर टेकेल. नट काढताना वरचा शेवटी काढायचा आणि बसवताना तो आधी लावायचा. चाक उचलण्यासाठी खाली बसून पायाच्या चवड्यावर ते थोडे वर घेतले की छिद्रे बोल्टांसमोर येतात. नटांची निमुळती बाजू आत. ते शेजारी-शेजारी न आवळता समोरासमोरचे आवळायचे, गाडी खाली उतरवून पुन्हा एकदा घट्ट करायचे आणि पन्नास-शंभर किलोमीटरनंतर परत तपासायचे. पंक्चरवाल्याने चाक लावले तरी हे शेवटचे काम आपलेच आहे.

पहिल्यांदा तिला पाऊण तास लागेल. दुसऱ्या वेळी पंचवीस मिनिटे पुरतील, आणि तिने ते दोनदा करावे असे मला वाटते, कारण एकदा केलेले काम सहा महिन्यांत पुसट होते.

प्रश्न : माझे वय ७१ आहे आणि मणक्याचे दुखणे आहे. डॉक्टरांनी ओझे उचलायला मनाई केली आहे. तुमच्या मताप्रमाणे मी गाडी चालवणे सोडावे काय?
— एक वाचक, देवळाली कॅम्प

उत्तर : मुळीच सोडू नका. लहान गाडीचे चाकही साधारण पंधरा किलोचे असते, ते आपण उचलू नये. आपल्याला माहिती असणे पुरेसे आहे. जॅक, पाना आणि कुलूपनटाची किल्ली कुठे आहे ते पाहून ठेवा, महिन्यातून एकदा पाचही चाकांतली हवा तपासा आणि मदतीचा क्रमांक मोबाइलबरोबर कागदावरही लिहून ठेवा. टायरच्या भिंतीवरचे चार अंकही वाचा : २३१९ असे असेल तर तो टायर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनला आहे. आपल्यासारख्यांची गाडी कमी चालते, त्यामुळे नक्षी शाबूत दिसते आणि रबर मात्र म्हातारे होऊन तडकलेले असते. अशा टायरची नक्षी पाहून फसू नका. मदत करणारा कोणी आला तर काय करायचे हे त्याला नीट सांगता यावे, एवढे ज्ञान आपल्याजवळ असावे.

प्रश्न : आम्ही नुकत्याच घेतलेल्या गाडीत स्टेपनीच नाही. तिच्याऐवजी एक द्रवाची बाटली आणि हवेचा छोटा पंप दिला आहे. हे कायद्याला धरून आहे का? आमचे दर महिन्याला सुरगाणा तालुक्यातल्या गावी जाणे असते.
— एक वाचक, गंगापूर रोड, नाशिक

उत्तर : कायद्याला धरून आहे. २०२० साली नियमांत दुरुस्ती झाली आणि ट्यूबलेस टायर, हवेचा दाब दाखवणारी यंत्रणा आणि दुरुस्तीचा संच हे तिन्ही असलेल्या प्रवासी मोटारींना जादा चाकाच्या सक्तीतून सूट मिळाली. त्या बाटलीतला द्रव टायरच्या रस्त्याला टेकणाऱ्या भागातले लहान भोक बुजवतो. भिंत फाटली किंवा मोठी चीर गेली तर त्याचा काही उपयोग होत नाही. बाटलीवर वापरायची अंतिम तारीख असते ती पाहा, आणि वापरलीच तर पंक्चर काढणाऱ्याला तसे सांगा, म्हणजे तो आतून टायर धुऊन मग काम करील.

शहरातच गाडी फिरत असती तर मी आपल्याला एवढ्यावर थांबा असे सांगितले असते. पण सुरगाण्याच्या वाटेवर घाट आहेत, पावसाळ्यात कडेचे दगड रस्त्यावर येतात, मैलोगणती दुकान लागत नाही आणि मोबाइलला रेंज मिळेलच असे नाही. तिथे फाटतो तो बहुतेक वेळा टायरचा बाजूचा भाग. म्हणून डिकीतली थोडी जागा गेली तरी चालेल, पण लोखंडी रिमची स्टेपनी वेगळी विकत घ्या. नटांची संख्या, त्यांच्यातले अंतर आणि टायरची बाहेरची उंची मूळ चाकाशी जुळली पाहिजे. टायर मूळ मापापेक्षा अरुंद असेल तर त्यावर लिहिलेली वेगमर्यादा पाळा. ती बहुधा ताशी ८० किलोमीटर असते. घेतलेले चाक दुकानातच एकदा पुढे आणि एकदा मागे बसवून पाहा, आणि त्याच्याबरोबर जॅक आणि पानाही घ्या, कारण दुरुस्तीचा संच दिलेल्या पुष्कळ गाड्यांत ही दोन्ही साधने मुळातच ठेवलेली नसतात.