मोतीला सोबत नेऊ का?

प्रश्न : ताई, सात वर्षांचा मुलगा प्ले थेरपीला (खेळातून केलेल्या मानसोपचाराला) जातो, पण तिथे तोंडच उघडत नाही. आमच्या मोती कुत्र्याला सोबत नेऊ का? – एक आई, रामबाग, इंदूर

उत्तर : आधी थेरपिस्टना विचारा. घरचा गुणी मोती परक्या खोलीत बिथरू शकतो. कल्पना जुनीच आहे. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ बोरिस लेव्हिन्सन यांनी १९६२ मध्ये आपल्या जिंगल्स कुत्र्याबद्दल लिहिलं होतं. अबोल मुलगा त्याच्याशी खेळायला म्हणून येऊ लागला.

माझ्याकडची एक मुलगी चार आठवडे नुसते आमच्या म्हाताऱ्या राणी कुत्रीचे कान विंचरायची. पाचव्या आठवड्यात तिच्या कानात पुटपुटली, "तुलापण शाळेची भीती वाटते?" मी मान वर केली नाही.

रेबीजची लस झालीय ना? मोतीने शेपूट पायांत घातली की त्याला लगेच सुट्टी. आणि बक्षीस म्हणून पोहे नकोत, कांदा कुत्र्यांना बाधतो. (इंदुरात हे सांगावंच लागतं!)