काकांच्या पेटीत बंदुकीची बुलेट (गोळी) बनवायचे डाय सापडलेत. खरे कसे ओळखायचे आणि किंमत किती धरायची?

तुम्ही लिहिलंय की माळा आवरताना काकांची लाकडी पेटी निघाली. आत तीन पोलादी डाय (माल दाबून आकार द्यायचे साचे), चार-पाच पंच (त्यात माल दाबायचे दांडे). एका डायवर आरसीबीएस असा ठसा, दुसऱ्यावर .२२४, म्हणजे बुलेटचा व्यास इंचात. काका नेमबाजी करायचे, आणि आता भंगारवाला हे सगळं किलोवर मागतोय.

त्याला आधी परत पाठवा. कारण खाली येईलच. मी इथं कोल्हापूरच्या उद्यमनगरात डाय-पंचचं काम करतो आणि रविवारी एअर रायफल मारतो, त्यामुळं दोन्हीकडचं थोडं कळतं.

ठशावर जाऊ नका. आरसीबीएस म्हणजे 'रॉक चक बुलेट स्वेज'. कॅलिफोर्नियातल्या ओरोव्हिलच्या फ्रेड हंटिंग्टन यांनी १९४३ साली धंदा सुरू केला तो बुलेट दाबून घडवायच्या डायवर, म्हणून हे नाव. पण कंपनी मोठी झाली ती वापरलेल्या काडतुसांच्या रिकाम्या नळ्या (केस) पुन्हा भरायच्या, म्हणजे रीलोडिंगच्या डायवर. तो ठसा असलेले बहुतेक डाय या दुसऱ्या जातीचे असतात. बाहेरून दोन्ही बरेचदा सारखेच दिसतात, सात-अष्टमांश इंची, इंचाला चौदा आटे.

म्हणून टॉर्च घेऊन भोकात बघा. आत बाटलीसारखा खांदा आणि मधोमध प्रायमर (काडतुसाच्या बुडातली, ठिणगी पाडणारी टोपी) काढायची पिन असेल तर तो रीलोडिंगचा. बुलेटच्या डायची भिंत जाड असते आणि भोक आरशासारखं चमकतं. तीनचा संच असेल तर प्रत्येकाचं काम वेगळं. पहिल्यात शिशाचा गाभा नेमक्या वजनाचा होतो. जादा शिसं दोऱ्यासारखं बाहेर पडायला त्याच्या बाजूला बारीक भोकं असतात. दुसरा सरळ नळीसारखा, त्यात गाभा तांब्याच्या जॅकेटमध्ये, म्हणजे कवचात, दाबून बसवतात. तिसऱ्याचं भोक टोकाकडं निमुळतं होत जातं आणि अगदी शेवटी सुईएवढी वाट असते, बुलेट बाहेर ढकलायला. हे तिन्ही दिसले तर बुलेटचेच समजा. दोन फाळ्यांचा, चिमट्यासारखा दांडा असलेला साचा मात्र शिसं ओतायचा. ती वस्तू वेगळी, किंमतही वेगळी.

किंमत ठरते ती दुसऱ्या आणि तिसऱ्या डायच्या नात्यावर. दुसऱ्याचं भोक तिसऱ्यापेक्षा किंचित लहान लागतं, अर्ध्या थाऊच्या (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) आसपास. कारण दाबानं माल फुगवता येतो, आवळता येत नाही. उलटं झालं तर बुलेट तिसऱ्यात अडकते. म्हणून एकाच कारागिरानं जोडीनं लॅप केलेला (बारीक घासून मापाला आणलेला), मूळ पंचांसकट असलेला पूर्ण संच आणि तीन ठिकाणांहून जमवलेले तीन डाय यांत जमीन-अस्मानाचा फरक. तोंडाशी वेगळ्या धातूची कडी दिसली आणि डाय आकाराच्या मानानं फारच जड लागला तर आत कार्बाइड, म्हणजे पोलादाहून कठीण मालाचं अस्तर, असू शकतं. मग भाव बराच चढतो. भोकात गंजाचे खड्डे असतील तर उरतं ते भंगारच.

आणि कृपा करून पॉलिश पेपर लावू नका! उमेदवारीत असताना मी एक डाय असाच 'चकाचक' केला होता. वस्तादांनी तो हातात घेतला, भोकातनं खिडकीकडं बघितलं आणि दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. नुसतं पातळ तेल, सुती फडकं, बास.

आता गिऱ्हाईक. कोल्हापूर नेमबाजांचं गाव खरं, पण आपल्या पोरांना याचा काडीचा उपयोग नाही. कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं २०२४ ला पॅरिसमध्ये ५० मीटर थ्री पोझिशनचं कांस्य मिळवलं ते .२२ रिमफायरवर (ठिणगीचा मसाला बुडाच्या कडेत असलेलं काडतूस). ते काडतूस कारखान्यातनंच भरून येतं, पुन्हा भरत नाहीत. .२२४ चे डाय सेंटरफायर (प्रायमर बुडाच्या मधोमध असलेलं काडतूस मारणाऱ्या) रायफलच्या जॅकेटवाल्या बुलेटसाठी. त्यांचे शौकीन मुख्यतः अमेरिकेत. तिथला भाव बघून इथं हिशोब मांडू नका.

आणि भंगारवाला का नको, तर शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम २ मधली 'दारूगोळा' ही व्याख्या वाचा. दारूगोळा बनवायची यंत्रसामग्रीही त्यात येते. म्हणजे हे डाय विकणं, कुणाला देणं, परदेशी कुरिअर करणं, सगळंच परवान्याच्या कक्षेत येऊ शकतं. काकांचा बंदुकीचा परवाना असला तरी तो बनवायचा परवाना नव्हे. वकिलाला दाखवा, जिल्हाधिकारी कार्यालयाच्या शस्त्र परवाना शाखेत लेखी अर्ज द्या, पोच घ्या. तोवर ऑनलाइन जाहिरात टाकू नका, आणि 'चालतात का बघू' म्हणून शिसं तर अजिबात दाबू नका.

पेटीच्या तळाशी, झाकणाच्या आत एखादं जुनं बिल, कस्टमची पावती किंवा काकांच्या अक्षरातली वही आहे का, नीट शोधा. डाय कुणी घडवले आणि ते इथं कसे आले, दोन्हीचा पुरावा तिथंच मिळेल.