आधी ओळखीचं प्रथिन शोध

अनेक आशीर्वाद.

फोल्डसीकने, म्हणजे प्रथिनांच्या त्रिमितीय रचना जुळवून शोधणाऱ्या साधनाने, तुझ्या प्रथिनासाठी शेकडो जुळण्या दिल्या, त्यातली खरी नाती कोणती, असं तू विचारलंस. बरं झालं, यादी पुढे वापरण्याआधीच विचारलंस.

आज ते प्रथिन बाजूला ठेव. देवमाशाच्या स्नायूतल्या मायोग्लोबिनची, म्हणजे ऑक्सिजन साठवणाऱ्या प्रथिनाची, रचना घे आणि तिचा शोध घेऊन बघ. रक्तातलं हिमोग्लोबिन सापडेल, आणि तेही दोघांच्या अनुक्रमात, म्हणजे अमिनो आम्लांच्या माळेत, साधारण चारातलं एकच अमिनो आम्ल सारखं असताना. आणखी खाली जा, लेगहिमोग्लोबिन भेटेल. भुईमुगाचं रोप उपटून मुळावरची गाठ फोडली की आत गुलाबी दिसतं ना, ते याच्यामुळे. कुठे देवमासा, कुठे भुईमूग, आणि घडी, म्हणजे माळ दुमडून झालेला आकार, तीच! इतकी वर्षं झाली, तरी त्या दोन रचना एकमेकींवर बसताना बघून मला भरून येतं.

हे इतक्या झटपट जमतं कसं, तेही समजून घे. फोल्डसीक प्रत्येक अमिनो आम्लाचा अवकाशातला जवळचा शेजारी शोधतं आणि त्या दोघांच्या मांडणीला वीस अक्षरांपैकी एक अक्षर देतं. घडीची अशी अक्षरमाळ झाली की मग शोध अक्षरांचा. म्हणून तर अल्फाफोल्डने, म्हणजे अनुक्रमावरून रचनेचा अंदाज बांधणाऱ्या साधनाने, दिलेल्या वीस कोटींहून जास्त रचनांच्या साठ्यातही तो चालतो.

आता माझी चूक सांगतो. एका जुळणीचा ई-व्हॅल्यू (अशा जुळण्या निव्वळ योगायोगाने किती मिळतील त्याचा अंदाज) उत्तम होता, म्हणून मी तिच्यावर कित्येक आठवडे घालवले. रचना डोळ्यांनी पाहिली तेव्हा कळलं, जुळत होतं ते फक्त एक लांब हेलिक्स, म्हणजे मळसूत्रासारखा वळलेला तुकडा. असं हेलिक्स हजारो प्रथिनांत असतं. तेव्हा प्रथिनाचा किती भाग जुळला, हे आधी बघ. टीएम-स्कोअर, म्हणजे दोन रचना किती जुळतात त्याचा ० ते १ मधला आकडा, ०.५ च्या वर असेल तर घडी बहुधा तीच, पण तो दोन प्रथिनांपैकी कोणाच्या लांबीने काढलाय तेही तपास. आणि अल्फाफोल्डची रचना असेल तर पीएलडीडीटी (त्या जागेच्या अंदाजावरचा विश्वास, १०० पैकी) ५० च्या खालचे सैल धागे शोधाआधीच कापून टाक.

नव्या प्रथिनाच्या डिझाइनची तुझी घाई मला समजते. आरएफडिफ्यूजनने सांगाडा काढायचा, प्रोटीनएमपीएनएनने त्याला अनुक्रम द्यायचा, अल्फाफोल्डने तो पुन्हा घडतो का पाहायचं. वाट सरळ आहे. पण ही तिन्ही साधनं मुख्यतः प्रोटीन डेटा बँकेतल्या, म्हणजे प्रयोगांतून मिळालेल्या रचनांच्या एकाच साठ्यातल्या, रचनांवर शिकलेली आहेत. त्यांचं एकमत म्हणजे एकाच घरातल्या तिघांची साक्ष. ई. कोलाय या जिवाणूमध्ये ते प्रथिन बनतं का, विरघळतं का, हे प्रयोगशाळेतच कळेल. तिथल्या माणसांशी आत्तापासून बोलायला लाग.

रविवारी फोन कर. तोवर तुझ्या यादीतल्या पहिल्या दहा जुळण्या एकेक करून पडद्यावर फिरवून बघ, आणि कुठला भाग कशावर बसला ते वहीत लिहून ठेव.