पोलो द्यावी की ठेवावी?

प्रश्न : माझी 2018 ची फोक्सवॅगन पोलो जीटी टीएसआय 64 हजार किलोमीटर चाललीय. ह्युंदाईची आय20 एन लाइन मनात भरलीय, पण वर पाच लाख घालावे लागतील. रोज जळगाव-पाचोरा जाणं-येणं असतं. बदलू का?
– एक वाचक, जळगाव

उत्तर : भाऊ, आधी आकडे बघा. तुमच्या गाडीची ताकद 105 पीएस (अश्वशक्ती), तिची 120. पण टॉर्क, म्हणजे ओढायचा जोर, तुमचा 175 न्यूटन-मीटर, तिचा 172! पाचोऱ्याच्या रस्त्यावर कपाशीची ट्रॉली मागे टाकताना पाच लाखांचा फरक जाणवायचा नाही. तिचे मागचे डिस्क ब्रेक मला आवडतात. 2023 पासून सहा गिअरची मॅन्युअलही मिळते. हाताने गिअर टाकायची हौस असेल, तर हे कारण खरं.

शोरूमच्या गल्लीतली चक्कर धरू नका. एसी फुल, घरची चार माणसं बसवून चाळीसगावहून कन्नड घाट चढा. मी अशीच एक कडक सस्पेन्शनची गाडी घेणार होतो. मागून आई म्हणाली, "हाडं खिळखिळी करतोस का रे?" विषय संपला.

पोलोची विक्री 2022 मध्ये थांबली, म्हणून घाबरून विकू नका. तिच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्ये दोन क्लच असतात, ते तेवढे तपासून घ्या. ठीक निघाले तर चार चांगले टायर टाका आणि चालवा.