वाचकांचे प्रश्न : जुनी बेसबॉल कार्डे ओळखावीत कशी आणि त्यांचे भाव कुठे पाहावेत?

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीत एडिसनला राहतो. शेजारचे वृद्ध गृहस्थ घर विकून मुलाकडे राहायला गेले, तेव्हा आवराआवरीत निघालेला बेसबॉल कार्डांचा (खेळाडूंची चित्रे असलेल्या, सिगारेट किंवा च्युइंगगमसोबत मिळणाऱ्या कार्डांचा) एक खोका त्यांनी माझ्या मुलीला दिला. त्यातली बहुतेक कार्डे टॉप्स कंपनीची, 1950च्या दशकातली वाटतात. तीन मात्र अगदी लहान असून त्यांना पांढरी किनार आहे आणि मागे ‘पीडमाँट’ सिगारेटची जाहिरात व ‘350 सब्जेक्ट्स’ असे छापलेले आहे. आम्ही क्रिकेटवर वाढलेली माणसे, बेसबॉलचा आम्हाला गंध नाही. ही कार्डे ओळखायची कशी आणि भाव कोणत्या पुस्तकात पाहायचे? इंटरनेटवर एकाच कार्डाला वीस डॉलरपासून दोन हजारांपर्यंत आकडे दिसतात.
— एक वाचक, एडिसन

उत्तर : आपण ओळख आणि भाव हे दोन प्रश्न एकत्र विचारले आहेत. नवा संग्राहक बहुधा इथेच फसतो, कारण तो कार्डाचे नाव-गाव नक्की होण्याआधीच भाव शोधू लागतो. दोन्हींसाठी साधने वेगळी आहेत आणि क्रमही ठरलेला आहे.

ओळखीची परंपरा न्यूयॉर्क राज्यातल्या सिरॅक्यूजच्या जेफरसन बर्डिक यांच्यापासून सुरू होते. संधिवाताने हात आखडलेल्या या गृहस्थांनी ‘अमेरिकन कार्ड कॅटलॉग’ सिद्ध केला आणि प्रत्येक मालिकेला एक अक्षर व एक क्रमांक दिला : एकोणिसाव्या शतकातल्या तंबाखूच्या कार्डांना ‘एन’, विसाव्या शतकातल्यांना ‘टी’, सुरुवातीच्या मिठाईच्या कार्डांना ‘ई’, 1930 नंतरच्या च्युइंगगमच्या कार्डांना ‘आर’. आज कोणत्याही लिलावात किंवा दुकानात हीच भाषा चालते. स्वतःचा तीन लाखांहून अधिक कागदांचा संग्रह त्यांनी न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमला दिला आणि 1963 साली निधन होण्याच्या थोडेच आधीपर्यंत ते तिथे बसून कार्डे वह्यांत चिकटवत होते. (आजचा संग्राहक कार्डाला गोंद लावण्याच्या कल्पनेनेच हबकेल, पण बर्डिक यांच्या लेखी ती पैशाची वस्तू नव्हतीच.)

आपली तीन लहान कार्डे या पद्धतीने पाहा. पांढरी किनार, साधारण दीड इंच रुंदी, अडीच इंचांहून किंचित जास्त उंची आणि मागे पीडमाँट : हे वर्णन ‘टी-206’ या मालिकेचे आहे, जी अमेरिकन टोबॅको कंपनीने 1909 ते 1911 या काळात सिगारेटच्या पाकिटांतून वाटली. संग्राहक या मालिकेत 524 कार्डे धरतात आणि तिच्या नकलाही भरपूर झालेल्या आहेत. होनस वॅगनर या खेळाडूचे जगप्रसिद्ध कार्ड याच मालिकेतले. 2022 साली त्याची एक प्रत खासगी व्यवहारात 72 लाख 50 हजार डॉलरना गेली. आपल्या मुलीने स्वप्ने रंगवण्याआधी सांगून टाकतो की वॅगनरच्या ज्ञात प्रतींच्या मागे ‘150 सब्जेक्ट्स’ (मालिकेतल्या चित्रांचा त्या वेळी जाहीर केलेला आकडा) असते, ‘350’ नसते. तेव्हा त्या तिघांत तो नाही. मागची बाजू वाचणे किती उपयोगाचे असते, ते यावरून कळावे.

टॉप्सच्या कार्डांसाठी मागच्या आकडेवारीकडे पाहा. वर्षवार तक्ता असेल, तर त्यातल्या शेवटच्या हंगामाच्या पुढचे वर्ष हे बहुधा कार्डाचे वर्ष असते. जिथे तक्त्यात वर्षच नाही, तिथे आकार आणि मांडणी उपयोगी पडते. 1952च्या टॉप्स कार्डांवर खेळाडूचे नाव ताऱ्यांच्या किनारीच्या चौकटीत असते, खाली छापील सही असते आणि कार्ड पावणेचार इंच उंच असते. अडीच बाय साडेतीन इंचांचा आजचा आकार 1957 साली आला. टॉप्सनेच 1983 साली 1952च्या मालिकेचे पुनर्मुद्रण केले, ते या लहान आकारात. म्हणून 1952चे दिसणारे कार्ड साडेतीन इंचांचे निघाले, तर पुढे काही तपासायची गरज उरत नाही. बाकी संशयितांसाठी दहापट मोठे दाखवणारे भिंग घ्या : त्या काळच्या अस्सल कार्डावर नावाची अक्षरे सलग शाईत उमटलेली दिसतात, तर छायाचित्रावरून केलेल्या नकलेत ती अक्षरेसुद्धा ठिपक्यांची बनलेली असतात.

आता पुस्तके. क्राउझ प्रकाशनाचा ‘स्टँडर्ड कॅटलॉग ऑफ बेसबॉल कार्ड्स’ हा जाडजूड ग्रंथ जुन्या बाजारात मिळेल तो घ्यावा, किंवा सार्वजनिक ग्रंथालयातून आंतरग्रंथालय सेवेने मागवावा. आवृत्ती दहा-पंधरा वर्षे जुनी असली तरी बिघडत नाही, कारण तो भावांसाठी नव्हे तर मालिकांच्या वर्णनांसाठी आणि याद्यांसाठी वाचायचा आहे. दुसरे नाव बेकेट. संख्याशास्त्राचे प्राध्यापक जेम्स बेकेट यांनी डेनिस एकेस यांच्यासह 1979 साली भावांचे पहिले पुस्तक काढले आणि 1984पासून मासिक सुरू केले. एका पिढीसाठी ‘बेकेटमध्ये काय लिहिलंय’ हाच व्यवहारातला शेवटचा शब्द असे. ज्यांनी लहानपणी पोस्टाची तिकिटे जमवून गिबन्सची सूची चाळली आहे, त्यांना ठाऊक असेल की सूचीतला आकडा आणि हातात पडणारे पैसे यांत अंतर असतेच. इथेही तेच आहे.

या पुस्तकांतली एक गोष्ट मात्र आवर्जून समजून घ्यावी. स्टँडर्ड कॅटलॉगमध्ये जुन्या कार्डापुढे भावाचे तीन रकाने असतात : एनएम (‘नियर मिंट’, जवळजवळ नवे), ईएक्स (‘एक्सलंट’, उत्तम) आणि व्हीजी (‘व्हेरी गुड’, बऱ्यापैकी). प्रमाणीकरण संस्था कार्ड अस्सल आहे का ते तपासून त्याच्या स्थितीला दहापैकी श्रेणी देतात; त्या मापात हे रकाने अनुक्रमे सात, पाच आणि तीन या श्रेणींशी जुळतात. नवखा माणूस पहिला, सर्वांत मोठा आकडा वाचून हरखतो. प्रत्यक्षात मुलांनी हाताळलेली, रबरबँड लावून ठेवलेली, कोपरे गोलावलेली कार्डे बहुधा दोन किंवा तीन श्रेणीची असतात, म्हणजे शेवटच्या रकान्यात किंवा त्याच्याही खाली. एक बारीक मोड, जी उजेडात तिरपी धरल्याशिवाय दिसत नाही, तीसुद्धा कार्डाला कित्येक श्रेणी खाली ओढते. आपल्याला दिसलेल्या वीस ते दोन हजारांच्या अंतराचे मोठे कारण हेच आहे.

चालू भावासाठी विक्री झालेल्या किमतीच पाहाव्यात, मागितलेल्या नव्हेत. ईबेवर ‘सोल्ड’ ही चाळणी लावली की साधारण गेल्या तीन महिन्यांतले व्यवहार दिसतात. मात्र जिथे विक्रेत्याने ‘बेस्ट ऑफर’ स्वीकारली असेल, तिथे खोडलेला मूळ आकडा दिसतो, खरा नाही; तो ‘130 पॉइंट’ या संकेतस्थळावर पाहता येतो. पीएसए या प्रमाणीकरण संस्थेच्या संकेतस्थळावर मालिकांची माहिती आणि लिलावांतल्या किमती विनामूल्य आहेत. ‘व्हिंटेज कार्ड प्रायसेस’ वर्गणी घेते, आणि एका खोक्यासाठी ती भरावी असे मला वाटत नाही. लिलावगृहांच्या जाहीर किमतीत खरेदीदाराने वर दिलेले कमिशनही धरलेले असते, त्यामुळे विकणाऱ्याला तेवढे मिळाले असे समजू नये. आणि नेहमी त्याच श्रेणीचे तीन-चार अलीकडचे व्यवहार पाहावेत, एकच नव्हे.

प्रश्न : माझ्याकडे 1950च्या दशकातली साठेक कार्डे आहेत. सगळी पीएसएकडे पाठवून श्रेणी लावून घ्यावी का?
— एक वाचक, शिकागो

उत्तर : सगळी नको. शुल्क दर कार्डामागे असते आणि सामान्य खेळाडूचे दोन श्रेणीचे कार्ड अनेकदा त्या शुल्काहून स्वस्तात मिळते. मॅंटल, मेज, आरन, क्लेमेंटे अशा दिग्गज खेळाडूंची कार्डे असतील, तर पाठवावीत. तिथे श्रेणीपेक्षाही अस्सलपणाची खात्री जास्त मोलाची ठरते. अशा संस्थांपैकी पीएसए 1991 सालची, एसजीसी 1998ची आणि बेकेटची श्रेणी-सेवा 1999ची. जुन्या कार्डांसाठी पहिल्या दोन अधिक चालतात. मात्र त्यांचा शिक्काही डोळे मिटून मानू नये. पीएसएने प्रमाणित केलेले पहिलेच कार्ड म्हणजे आठ श्रेणीचे वॅगनर होते आणि त्याच्या कडा आपण कापल्या होत्या, अशी कबुली लिलावकार बिल मॅस्ट्रो यांनी 2013 साली दिली. तसेच, संस्थांच्या तक्त्यात अमुक श्रेणीची इतकी कार्डे आहेत असे लिहिलेले असते, पण एकच कार्ड वाढीव श्रेणीच्या आशेने पुन्हा पुन्हा पाठवले गेले की ते दोनदा, तीनदा मोजले जाते.

पाठवण्याआधी पेन्सिलीच्या खुणा खोडू नका आणि कडा सरळ करू नका, कारण छेडछाड आढळल्यास श्रेणी न देताच कार्ड परत येते आणि शुल्क बहुधा तुमच्याच खिशातून जाते. प्रत्येक कार्ड आधी पातळ प्लॅस्टिकच्या पाकिटात आणि मग लवचीक अर्धकडक कवचात ठेवून पाठवावे. कडक कवचातून काढताना कोपरे दुखावतात, म्हणून या संस्थाही अर्धकडकच मागतात.